जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी साधं मिनरल गिअर ऑइल कोणतं घ्यावं?

सातारकर_जिप्सी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे नव्वदच्या दशकातली चार गिअरची पेट्रोल जिप्सी आहे. इंजिनाचं काम नीट झालंय, आता गिअरबॉक्सकडे वळलोय. सकाळी गाडी गार असताना पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना कर्र असा आवाज होतो. थोडी चालून गरम झाली की बराच कमी होतो. तिसरा-चौथा लोण्यासारखे पडतात. आतलं तेल शेवटचं कधी बदललं ते आधीच्या मालकांनाही आठवत नाही, आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक हरवलंय.

दुकानात गेलो तर समोर तीन डबे ठेवले. एकावर नुसतं 'ईपी ९०', दुसऱ्यावर '८०डब्ल्यू-९०, जीएल-५', तिसरा महागडा सिंथेटिक '७५डब्ल्यू-९०'. दुकानदार म्हणाले, जीएल-५ हे जीएल-४ च्या वरचं, तेच घ्या. मिस्त्री म्हणतात, १४० नंबर टाका, सगळा आवाज बंद होईल. माझा कल साध्या मिनरल तेलाकडे आहे, कारण गाडी जुनी आहे आणि वरचेवर बदलायची माझी तयारी आहे. पण साध्यातलं नेमकं कोणतं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

उद्यमनगर_कोल्हापूर

भावा, तिन्ही डबे परत ठेव आणि '८०डब्ल्यू-९०, एपीआय जीएल-४' असं स्पष्ट छापलेला डबा शोध. ८०डब्ल्यू म्हणजे गार असतानाचा दाटपणा, ९० म्हणजे तापल्यावरचा. मिनरलच घे, म्हणजे कच्च्या तेलापासून गाळलेलं साधं तेल. जुन्या सिंक्रोमेश गिअरबॉक्सला (ज्यात गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगा असतात) बहुतेक वेळा हेच लागतं.

आता कारण. जीएल-४ आणि जीएल-५ हे एपीआय या अमेरिकी संस्थेने पाडलेले गिअर तेलाचे वर्ग आहेत, पण ही पहिला नंबर, दुसरा नंबर अशी गुणवत्तायादी नाही. दोन्ही वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. तुझ्या जिप्सीच्या मागच्या हाऊसिंगमध्ये (मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या पेटीत) क्राऊन-पिनियन, म्हणजे शक्ती चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी आहे, ती हायपॉइड जातीची. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसतो, खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. तिथे तेलाचा थर टिकत नाही. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दाब आणि उष्णता वाढली की ती लोखंडाशी रासायनिक क्रिया करून पृष्ठभागावर एक पातळ थर तयार करतात आणि दातांऐवजी तो थर झिजतो. जीएल-५ मध्ये हा मसाला जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतो.

गिअरबॉक्समधले दात तिरके कापलेले असले तरी बहुतांश एकमेकांवर लोळतात, त्यांना इतक्या मसाल्याची गरज नाही. आणि गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात. तापलेलं गंधकयुक्त तेल तांबं-पितळ काळवंडवतं, हळूहळू खातं. मी उघडलेल्या कित्येक जुन्या बॉक्समध्ये रिंगांचे बारीक आटे गुळगुळीत झालेले पाहिलेत, आणि त्या गाड्यांत वर्षानुवर्षं हाऊसिंगचंच तेल गिअरबॉक्समध्ये ओतलेलं होतं.

म्हणून दुकानदाराचं 'वरचं तेल' हे वाक्य मनातून काढून टाक.

तेलतपासणी

वरचा प्रतिसाद उत्तम, निष्कर्ष मान्य. कारणात थोडी भर घालतो. माझी नोकरी वंगण तेलांच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून या विषयावर राहवत नाही.

पितळ खाल्लं जातं हे सरसकट प्रत्येक जीएल-५ ला लागू नाही. तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी गरम तेलात बुडवून ठेवायची आणि नंतर तिचा रंग प्रमाणित तक्त्याशी ताडायचा, अशी एक जुनी चाचणी आहे. गिअर ऑइलसाठी ती सहसा १२१ अंश सेल्सिअसला ३ तास करतात. १ए म्हणजे पट्टी जवळपास होती तशी, ४सी म्हणजे पार काळी. आजची कित्येक चांगली जीएल-५ तेलं या चाचणीत पहिल्याच गटात राहतात, कारण त्यांतलं गंधक सामान्य तापमानाला शांत राहील असं बांधलेलं असतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची तेलं तशी नव्हती.

तरीही सिंक्रोच्या बॉक्सला मी जीएल-५ सांगणार नाही. मुख्य मुद्दा घर्षणाचा आहे. सिंक्रो रिंग ही खरं तर छोटी शंकूच्या आकाराची ब्रेक आहे. गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवायचा तर तिने शंकूवरचं तेल बाजूला सारून क्षणभर पकड घेतली पाहिजे. तिच्या आतल्या बाजूचे बारीक आटे त्यासाठीच असतात. तेल फार निसरडं असेल तर रिंग घसरत राहते, वेग जुळायच्या आत तुम्ही दांडा ढकलता, आणि कर्र आवाज येतो. तेल गार आणि घट्ट असेल तर आट्यांतून ते वेळेत बाहेरच पडत नाही, परिणाम तोच. धागाकर्त्यांचा सकाळचा दुसरा गिअर मला या दुसऱ्या प्रकारातला वाटतो.

त्यावर १४० टाकणं म्हणजे नेमकं उलटं पाऊल.

विदर्भातला_प्रवासी

काका, एक शंका. तुम्ही लोक पश्चिमेकडचे, थंड हवेचे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. इथले सगळे मिस्त्री जुन्या गाडीत १४० च भरतात. ९० पातळ पडणार नाही का?

तेलतपासणी

भाऊ, शंका रास्त आहे. आकड्यांत सांगतो, म्हणजे मनातून जाईल.

एसएई या अमेरिकी संस्थेच्या मोजपट्टीतला ९० हा आकडा १०० अंशाला मोजलेल्या दाटपणावरून ठरतो. तिथे तेल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या (हे दाटपणाचं एकक) दरम्यान असलं पाहिजे. १४० म्हणजे २४ ते ३२.५. म्हणजे ९० चं तेल १०० अंश तापलं तरी पुरेसा थर राहील, हे गृहीत धरूनच तो आकडा दिलेला आहे. बाहेर ३५ आहे की ४५, याने बॉक्समधल्या तेलाचं तापमान साधारण तेवढ्याच दहा अंशांनी वर जातं. तेवढ्यासाठी दुप्पट दाट तेलाची गरज नाही. चढावर ट्रॉली ओढणारं अवजड वाहन असेल आणि कंपनीने १४० सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. ९० हा आकडा पाहून लोकांना वाटतं हे तेल ४० च्या इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट दाट. तसं नाही. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. इंजिनाचं एसएई ४० हे १०० अंशाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतं, म्हणजे गिअरच्या ९० च्या अगदी शेजारचं.

उद्यमनगर_कोल्हापूर

काकांच्या १४० च्या मुद्द्याला माझे हात जोडून अनुमोदन. १४० टाकल्यावर आवाज कमी होतो हे खरं, पण बेअरिंगचा रोग तिथेच राहतो. आवाज हा तुम्हाला मिळालेला इशारा असतो, तो दाबून टाकायचा नसतो. गाडी विकणारे दलाल जुन्या बॉक्समध्ये १४० का भरतात, ते यावरून समजून घ्या. जुनी गाडी घेताना गिअरचा दांडा सकाळी फारच जड लागला तर फिलर प्लग, म्हणजे तेल भरायच्या भोकाचं बूच, खोलून बोटाने तेल बघा.

घाटवाटा

माझी जुनी मारुती ८०० आहे, रोज चालवते. विचारायचं होतं की डब्यावर 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही लिहिलेलं असतं ते काय समजायचं? आणि आमच्या मारुतीला तर मागे हाऊसिंगच नाही, मग क्राऊनसाठी जीएल-५ नको का?

तेलतपासणी

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, तो फार महत्त्वाचा आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या तुमच्या मारुतीत इंजिन आडवं आहे, म्हणून डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत बसवलेलं असतं आणि दोघांना एकच तेल लागतं. पण आडव्या इंजिनामुळे शक्तीची दिशा काटकोनात वळवावी लागत नाही, त्यामुळे तिथे हायपॉइड जोडी नसतेच. तिरक्या दातांचे साधे गिअर असतात. म्हणून तिथेही जीएल-४ च.

आता डब्यावरची जोडनावं. दोन्ही नावं छापली की त्याचा अर्थ बहुतेक वेळा, 'हे जीएल-५ इतकं दाब सोसतं, म्हणजे जीएल-४ चा दाब आपोआप सोसेल' एवढाच असतो. सिंक्रोच्या पकडीबद्दल त्यात काहीच सांगितलेलं नसतं. काही तेलं खरोखर दोन्हीकडे चालतील अशी बनवलेली असतात. अशा वेळी तेल कंपनीच्या माहितीपत्रकात 'सिंक्रोमेश गिअरबॉक्ससाठी योग्य' असं वाक्य आहे का आणि तांब्याच्या पट्टीचा निकाल १ए किंवा १बी आहे का, ते बघा. दोन्ही सापडत नसेल तर निव्वळ जीएल-४ घ्या, गोंधळच नको.

नुसतं 'ईपी ९०' छापलेल्या डब्याचंही तेच. ईपी म्हणजे दाब सोसणारा मसाला आहे, इतकंच कळतं. किती आहे ते कळत नाही. डबा उलटा करून मागचा बारीक मजकूर वाचायचा. जीएलचा आकडा सापडला नाही तर तो डबा घेऊ नये.

घाटवाटा

खूप आभार काका. इतकं सरळ आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पद्मिनीप्रेमी_दादर

धागा वाचून मन प्रसन्न झालं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण खाजगी गाड्या अजून जपणारे आम्ही काहीजण आहोत. आमच्या घरची आजही रविवारी निघते.

मला सिंथेटिकबद्दल विचारायचंय. एक मित्र सांगतो की पूर्ण सिंथेटिक टाकलं की जुन्या गाडीची ऑइल सील गळायला लागते. यात तथ्य किती?

उद्यमनगर_कोल्हापूर

तथ्य आहे, पण दोष सगळा सिंथेटिकचा नाही. तीस वर्षं जुनी रबरी सील कडक झालेली असते, तिच्या ओठावर गाळ साचून तिथली फट बुजलेली असते. नवीन स्वच्छ, गार असतानाही पातळ राहणारं तेल आलं की तो गाळ सुटतो आणि फट उघडी पडते. सील आधीच गेलेली होती, आता ती दिसू लागली, एवढंच. सील नव्या टाकल्या असतील तर सिंथेटिकने काही बिघडत नाही.

पण आपल्या हवेत त्या पैशाचं मोल मिळत नाही, हे माझं ठाम मत. ७५डब्ल्यू चा फायदा कडाक्याच्या थंडीत. ८०डब्ल्यू तेल उणे २६ अंशापर्यंत वाहतं राहील अशी त्याची व्याख्या आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडे दवबिंदू गोठतात त्या रात्रीही आपण त्या मर्यादेच्या जवळपास नसतो. लेह-लडाखला हिवाळ्यात जाणार असाल तर बोलू.

तेलतपासणी

सिंथेटिकच्या बाजूने एक न्याय्य गोष्ट सांगायला हवी. ७५डब्ल्यू-९० इतका मोठा पल्ला मिनरल तेलात गाठायचा तर दाटपणा टिकवणारे पॉलिमर भरपूर घालावे लागतात, आणि गिअरच्या दातांखाली ते पॉलिमर चिरडले जातात. काही महिन्यांत ९० चं तेल खालच्या आकड्यावर येतं. चांगल्या सिंथेटिकमध्ये हा प्रश्न कमी, कारण मूळ तेलच तेवढा पल्ला पेलतं. ८०डब्ल्यू-९० मात्र चांगल्या मिनरल तेलापासून फारशा पॉलिमरशिवाय बनवता येतं. म्हणून साधं मिनरल घ्यायचं तर ८०डब्ल्यू-९० किंवा सरळ ९०. स्वस्तातलं मिनरल ७५डब्ल्यू-९० दिसलं तर तिकडे वळू नका.

चेतकस्वार_नगर

दादा लोकांनो, सगळ्याच जुन्या गिअरबॉक्सना गिअर ऑइल लागतं असंही नाही ना? आमच्या टू-स्ट्रोक चेतकला तर एसएई ३० इंजिन ऑइलच घालतात.

तेलतपासणी

अगदी बरोबर, आणि हे सांगितलंत ते फार बरं झालं. चेतकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, तिथे ईपी तेल घातलं की क्लच घसरायला लागेल.

चारचाकीतही अशी उदाहरणं आहेत. ब्रिटिश एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० जातं. ईसुझूने आपल्या कित्येक मॅन्युअल गिअरबॉक्सना इंजिन ऑइल सांगितलं होतं. होंडाचं स्वतःचं मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड असतं, आणि जुन्या पुस्तकांत ते न मिळाल्यास तात्पुरतं १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालेल असं छापलेलं आहे. जुन्या होंडा सिटीत कुणी ९० नंबर भरलं तर थंडीत दांडा हलता हलत नाही. म्हणून जीएल-४ हे उत्तर जिप्सीला, मारुतीला, तशा अनेक गाड्यांना बरोबर आहे, पण आपल्या गाडीचं पुस्तक शोधणं हे पहिलं काम.

शिवारातून

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन ओळी. ज्या ट्रॅक्टरला तेलात बुडालेले ब्रेक आहेत, त्याच्या मागच्या पेटीत गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक एकाच तेलावर चालतात. तिथे ९० नंबर भरू नका, ब्रेक किंचाळतात आणि लिफ्ट मंद होते. त्यासाठीचं वेगळं ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेल येतं. आमच्या गावात शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं असं झालेलं बघितलंय.

जीपगाडी_जुन्नर

विलीजच्या जुन्या तीन गिअरच्या टी-९० बॉक्सवाल्या जीपचा मालक. त्यात पहिल्या गिअरला सिंक्रो नाहीच. दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. तेव्हा गाडी पूर्ण थांबवूनच पहिला टाकायचा, तिथे कुठल्याही तेलाने जादू होणार नाही.

सातारकर दादा, तुमच्या प्रश्नाकडे येतो. तेल बदलायच्या आधी क्लच तपासा. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला बहुधा सिंक्रो नसते. तिथे कर्र आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल, फोर्क बघा. आवाज न येता पडला तर क्लच ठीक, मग संशय दुसऱ्याच्या रिंगेवर. दुसऱ्या गिअरची रिंग सगळ्यात आधी जाते, कारण पहिल्या-दुसऱ्यातला वेगाचा फरक मोठा असतो आणि गावात सगळ्यात जास्त काम तिलाच.

आणखी एक. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घूं आवाज येत असेल आणि क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

सातारकर_जिप्सी

रिव्हर्स बिनआवाज पडतो. न्यूट्रलमध्येही काही ऐकू येत नाही. म्हणजे क्लच सुटला या आरोपातून. रविवारी तेल बदलणार आहे. घरीच करायचा विचार आहे, काही पथ्यं असतील तर सांगा.

उद्यमनगर_कोल्हापूर

सगळ्यात मोठं पथ्य: आधी फिलर प्लग सुटतो का बघ, मगच खालचा ड्रेन प्लग खोल. फिलर गंजून बसलेला असतो, आणि तेल काढून झाल्यावर हे लक्षात आलं तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. मी गॅरेजात पोरांना हे पहिल्याच दिवशी शिकवतो.

दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी गरम कर, म्हणजे गाळ तेलासोबत निघतो. गाडी सपाटीवर पाहिजे. जॅकवर एका बाजूने उचललेल्या गाडीत पातळी खोटी दिसते. खाली घुसायचं तर चारही बाजूंना भक्कम स्टँड लाव, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नकोस.

ड्रेन प्लगवर चुंबक असेल तर त्यावरची करडी मऊ पेस्ट ही नेहमीची झीज आहे, घाबरू नकोस. बोटाला टोचणारे तुकडे, दाताचा कोपरा असं काही मिळालं तर फोटो इथे टाक. तेल पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात बघ. सोनेरी चमक दिसली तर ती रिंगांची. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. नदी-ओढ्यातून जाणाऱ्या जिप्सीत हे नेहमीचं. पाणी ब्रीदरमधून, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर जायच्या बारीक वाटेतून ओढलं जातं, म्हणून ब्रीदर साफ कर. तो तुंबलेला राहिला तर आतला दाब वाढून नवी सीलही गळते.

वॉशर नवा घाल. हातपंपाने किंवा पाइप लावलेल्या बाटलीने भर. तेल फिलरच्या भोकाच्या ओठाशी येऊन ओघळायला लागलं की थांब. जास्त भरू नकोस. आणि ड्रममधलं सुटं तेल आणू नकोस, सीलबंद डबाच घे.

पद्मिनीप्रेमी_दादर

'आधी फिलर, मग ड्रेन' हे लिहून गॅरेजच्या भिंतीला लावतोय. वाखूसाठवली (वाचनखूण साठवली).

सातारकर_जिप्सी

मंडळी, झालं काम. जीएल-४, ८०डब्ल्यू-९०, मिनरल, एका सरकारी तेल कंपनीचं, पंपावरून सीलबंद घेतलं. जुनं तेल काळंकुट्ट निघालं आणि ड्रेनमधून जेमतेम अर्धंच आलं, म्हणजे गाडी कमी तेलावर धावत होती. चुंबकावर करडी पेस्ट, टोचणारं काही नाही. उन्हात धरल्यावर किंचित सोनेरी चमक दिसली. पाणी नाही. ब्रीदर मात्र मातीने गच्च भरला होता.

सकाळी दुसरा गिअर आता खूप सुधारलाय. अगदी पहिल्या दोन-तीन वेळा न्यूट्रलला क्षणभर थांबून टाकावा लागतो, मग आवाज नाही. पुढचं विचारायचंय: ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी पेटी) आणि दोन्ही हाऊसिंगलाही हेच उरलेलं तेल घालू का?

तेलतपासणी

सुधारणा ऐकून खरंच समाधान वाटलं. सोनेरी चमक किंचित असेल तर रिंग अजून बरीच वर्षं चालेल, क्षणभर थांबायची सवय मात्र कायम ठेवा.

जिप्सीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, छोट्या शाफ्टने जोडलेली आहे. तिचं तेल वेगळं तपासावं लागतं, आणि लोक नेमके तिला विसरतात. तिथे गिअरबॉक्सचंच तेल चालेल. पुढच्या-मागच्या हाऊसिंगला मात्र हे घालू नका. तिथे हायपॉइड आहे, तिथे जीएल-५ च हवं. दुकानदारांनी आधी दाखवलेला तो दुसरा डबा आता आणायचा.

उद्यमनगर_कोल्हापूर

आणि भावा, जुनं तेल एवढं काळं होतं, तेव्हा हे नवं तेल हजार-दीड हजार किलोमीटरला एकदा काढून पुन्हा ताजं भर. चिकटून राहिलेला गाळ त्यात येईल. साध्या मिनरल तेलाची किंमत पाहता एवढं परवडतं. पातळी येत्या आठवड्यातच एकदा बघ. तेल इतकं कमी होतं म्हणजे कुठूनतरी जात होतं. मागचा ऑइल सील आणि स्पीडोमीटर केबलची जागा, या दोन ठिकाणी बोट फिरवून ओल लागते का बघून इथे कळव.